सव्वा सेकंद आधी

दोनशे चाळीस माणसं एकाच वेळी बोलत होती, आणि वसुमती मोहरीलला ऐकू येत होत्या त्या फक्त स्वतःच्या बांगड्या.

ती दालनाच्या मधोमध उभी होती. डावीकडे, हात लांबवला तर खांद्याला लागेल इतक्या अंतरावर, एक मुलगी कानाला यंत्र लावून कुणाला तरी भराभरा काही विचारत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, कपाळावरची आठी दिसत होती, शब्द मात्र एक नाही. तिच्या पलीकडे दुसरी, त्यापलीकडे तिसरी, अशी ती रांग थेट खिडकीपर्यंत गेलेली. देवळाच्या गाभाऱ्यात दुपारी कुणी नसताना जी शांतता असते, ती इथे भरल्या बाजारात उतरली होती. वसुमतीने नकळत पदर सावरला.

नागपूरच्या बाहेर वर्धा रस्त्यावर उभ्या राहिलेल्या या 'जीवनहाक' केंद्रात अकरा जिल्ह्यांतले संकटाचे फोन येत. कुणाला साप चावलेला असे, कुणाची गाडी उलटलेली, कुणाची लेक कळा देत असे. जुन्या इमारतीत हे काम चाले तेव्हा तिथे कोंबडीबाजारासारखा गलका असायचा. शेजारणीचा आवाज आपल्या फोनमध्ये शिरायचा, गावाचं नाव तीनतीनदा विचारावं लागायचं. नव्या दालनाची अंतर्गत रचना वसुमतीकडे आली, तेव्हा तिला एकच अट घालण्यात आली होती: एका खुर्चीवरचं बोलणं दुसऱ्या खुर्चीवर पोचता कामा नये. आणि मध्ये भिंती नकोत, कारण मोठा अपघात झाला की सगळ्यांना एकमेकांचे चेहरे दिसावे लागतात.

तीस वर्षं ती हेच करत आली होती. कुठल्या दालनाला कुठलं लाकूड, किती जाडीचा गालिचा, खुर्चीचं कापड कुठल्या विणीचं, छताला काय, हे सगळं ठरवून ती साहित्यपत्रकात लिहायची आणि खाली सही करायची. तिच्या सहीशिवाय खिळासुद्धा बदलायचा नाही, असा करारच असे. पण या दालनाला लोकर, नमदा, भोकांच्या फळ्या यांतलं काहीच पुरेना. तेव्हा तिने डॉ. प्रसेनजित खोब्रागडे यांच्या प्रयोगशाळेचं दार वाजवलं होतं, आणि तिथून हे छत आलं होतं. कंपपटल. साध्या सुती कापडासारखं दिसणारं, राखी रंगाचं.

त्या दिवशी तिच्यामागे नथ्थूजी हेडाऊ उभे होते. छत त्यांनीच चढवलं होतं. नथ्थूजी जातीचे विणकर. नागपूरच्या महाल भागातले माग बंद पडल्यावर कापडी छतं बसवायच्या कामाला लागले आणि बावीस वर्षं वसुमतीच्या प्रत्येक कामावर राहिले. त्यांची एक रीत होती. काम पुरं झालं की ते त्या जागेतल्या प्रत्येक खुर्चीत जाऊन बसत, पाठ टेकत, डोळे मिटत आणि मगच "झालं ताई" म्हणत. चार वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, सवय. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावं लागलं, जीव वाचला, गळ्याला श्वासाचं भोक राहिलं. तेव्हापासून ते खिशात लहान वही ठेवत. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र मुलाने आणून दिलं होतं, पण त्यातला माणूस बातम्या देणाऱ्यासारखा बोले. नथ्थूजींनी ते दोन दिवस वापरलं आणि वहीत लिहिलं, 'बायको म्हणते घरात परका माणूस शिरला.' मग ते कपाटात गेलं.

दालन पाहून नथ्थूजींनी वही काढली. 'झालं ताई.'

तीन आठवड्यांनी, श्रावणातल्या एका रविवारी, केंद्रप्रमुख शर्वरी उमाळकरांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या दालनात आवाज येतात."

"येणारच थोडे. खुर्च्या सरकवल्याचे, पावलांचे. तेवढे मी मुद्दाम ठेवलेत."

"माणसांचे येतात. मुली घाबरल्यात. दोघींनी राजीनामे दिले." उमाळकर बाई जरा थांबल्या. "आणि शुक्रवारी एका फोनमध्ये शेजारच्या टेबलाचे शब्द शिरले. रुग्णवाहिका भलत्याच पिंपळगावला गेली. बाई रस्त्यातच बाळंत झाली. दोघं सुखरूप आहेत, पण पुढच्या वेळी असतीलच असं नाही. येत्या गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत दालन मुकं झालं नाही, तर मी छत उतरवणार. खरंच उतरवणार."

"उद्या सकाळी येते," वसुमती म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की उद्या सोमवार.

श्रावणी सोमवारी सूर्योदयापासून दुपारी बारापर्यंत ती मौन पाळत असे. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. तिने देवापाशी उभं राहून विचार केला आणि ठरवलं, की जायचं, पण बोलायचं नाही. नथ्थूजी चार वर्षं वहीवर भागवतात, आपल्याला एक सकाळ जड नाही.

खोब्रागडे फाटकाशीच भेटले. साठीचे, उंच, खादीचा शर्ट, बोलण्यात कोरडी खोच. तिने 'बारापर्यंत मौन' असं लिहिलेली वही पुढे केली तशी ते म्हणाले, "वा. म्हणजे आज तुमच्याशी वाद घालून जिंकायची संधी आहे."

दालनात बदलीची तुकडी कामावर होती. तीच ती थक्क करणारी शांतता. उमाळकर बाई तक्रारींची यादी घेऊन पुढे आल्या. सतरा वेगवेगळे आवाज होते. त्यांतले सोळा ओळखू आले होते, इथल्याच कुणा ना कुणाचे. "पण ज्याचा आवाज तो शपथेवर सांगतो, मी बोललोच नाही. शब्द तरी कसले म्हणता? 'लवकर सांग ना बाई, मरेल तो.' 'किती पितोस रे मेल्या.' आमच्या लोकांना असं बोलायला सक्त मनाई आहे, आणि ते बोलतही नाहीत. मी ध्वनिफिती ऐकल्या. ज्याचा आवाज त्याच्या फोनवर असलं काही नाही. आणि सतरावा आवाज तर कुणाचाच नाही."

वसुमती एका रिकाम्या खुर्चीत बसून ऐकत होती. खोब्रागडे छताकडे बघत म्हणाले, "माझ्या पटलात दोष नसावा. मला वाटतं गालिचा हलका पडला. खालून परावर्तन होत असणार."

गालिचा वसुमतीने सात नमुन्यांतून निवडला होता. तिच्या मनात संताप भरून आला, जीभ वळली, आणि तिने ती दातांखाली धरली.

"गालिच्याला कशाला बोल लावता, आधी तुमचं पटल तपासा."

दालनातल्या पाचपंचवीस माना वळल्या. आवाज वसुमतीचा होता. स्वच्छ, जरासा तुटक, ती चिडली की येतो तसा. आणि वसुमतीचे ओठ मिटलेले होते.

तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. मग लिहिलं, 'मी बोलले नाही.'

"माहीत आहे," खोब्रागडे हळूच म्हणाले. "मी तुमच्या ओठांकडेच बघत होतो." ते खाली, त्या गालिच्यावरच बसले. बराच वेळ बसले. उमाळकर बाईंनी पाणी विचारलं तेही त्यांना कळलं नाही. शेवटी ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासारखा झाला होता. "मोहरील मॅडम, बारा वाजायला दीड तास आहे. तुम्ही या खुर्चीतून उठू नका. जिला बोलायचंय आणि जी काही झालं तरी बोलणार नाही, असं माणूस मला शोधून सापडलं नसतं."

आणि पुढचा दीड तास त्यांनी तिला चिडवलं. तिने निवडलेल्या लाकडाला नावं ठेवली, खुर्च्यांना लग्नमंडपातल्या खुर्च्या म्हटलं, उपासाच्या साबुदाण्याने बुद्धी मंदावते असा सिद्धांत मांडला. वसुमती ओठ घट्ट मिटून बसली, आणि वरून तिच्याच आवाजात एकेक उत्तर पडत गेलं. साबुदाण्याला पडलेलं उत्तर ऐकून शेजारची मुलगी फोन ठेवून हसली.

बारा वाजून गेल्यावर वसुमतीने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. ते तिच्या तोंडून निघालं, शेजारच्या मुलीला मात्र ऐकू गेलं नाही. दालन पुन्हा ठरल्याप्रमाणे वागत होतं.

"सांगा आता," खुर्चीतून उठत ती म्हणाली.

"तळ्यात एक लाट येतेय समजा," खोब्रागडे म्हणाले. "तिच्या उंचवट्याच्या जागी तुम्ही बरोबर तेवढाच खळगा पाठवलात, तर पाणी सपाट होतं. आपलं छत तेच करतं. तुमच्या आवाजाला उलटा आवाज पाठवतं. प्रतिनाद. दोघं शेजारणीच्या कानाशी भेटतात आणि एकमेकांना पुसतात."

"हे मला माहीत आहे. मीच पत्रकात लिहिलंय."

"पण तुमच्या तोंडापासून शेजारणीचा कान दीड मीटर, आणि छतापासून अडीच. छत कितीही चपळ असलं तरी ते मागून निघून आधी पोचणार कसं? म्हणून त्याला आधी निघावं लागतं. शिवाय पटल जड आहे, त्यात ताण भरायला सव्वा सेकंद जातो. म्हणजे तुम्ही काय बोलणार ते छताला सव्वा सेकंद आधी कळायला हवं."

"त्यासाठीच या खुर्च्या."

"हो. श्वासवेधी आसनं. माणूस बोलायच्या आधी छाती किती भरतो, मान कशी धरतो, जबडा, जीभ, पोट, सगळं जुळवून ठेवतो. शब्द बाहेर पडायच्या आधी अंगात पुरता रचून झालेला असतो. खुर्ची तो वाचते आणि पटल ताणलं जातं. एकदा ताणलं की परत घेता येत नाही. तव्यावर घातलेलं धिरडं पुन्हा पिठात घालता येत नाही, तसं."

वसुमतीने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणजे माणसाने शब्द रचला, आणि ऐन वेळी गिळला..."

"तर पुसायला लाट आलीच नाही. खळगा एकटा शेजारणीच्या कानाशी पोचला. आणि कानाला उंचवटा आधी की खळगा आधी, यात काही फरक कळत नाही. त्याला तो साधा आवाज वाटतो. तुमचाच."

दोघंही वर बघत राहिली. राखी कापड संथ होतं. त्याखाली दोनशेवर माणसं लोकांच्या संकटांशी बोलत होती आणि मध्येच कुठे, कुणीतरी गिळलेलं एखादं वाक्य हलकेच दालनात पडत होतं. 'घाबरू नको गं, मीही अशीच...' तिसऱ्या रांगेतली मुलगी दचकून खाली बघू लागली.

"प्रयोगशाळेत हे दिसलं कसं नाही?" वसुमतीने विचारलं.

"तिथे आम्ही तीनशे माणसांना बोलायला बसवलं." खोब्रागडे ओशाळवाणं हसले. "गप्प बसायला कुणालाच सांगितलं नाही. गप्प बसणं ही काही क्रिया आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं."

तिने बांगडी मनगटावर फिरवली. मग म्हणाली, "डॉक्टर, अकरा वर्षं मी मौन करते. आज मोडलं का ते?"

"ते तुमच्या महादेवाला विचारा. माझं छत एवढंच सांगेल, की वाक्य तयार होतं."

"दर सोमवारीच असणार मग. अकरा वर्षं." तिच्या आवाजात खेद नव्हता. एखाद्या नेहमीच्या देवळात आणखी एक पायरी खाली उतरते आणि तिथे पाणी आहे, हे अचानक कळावं, तसं तिला झालं होतं.

उपाय अवघड नव्हता. पटलाच्या खालून एक पातळ थर चिकटवायचा. सव्वा सेकंदानंतर खरा आवाज आला नाही, तर हा थर भरलेला ताण ऊब करून सोडून देईल. खोब्रागडे त्याला निचरा-थर म्हणाले. प्रयोगशाळेत त्याच्या गुंडाळ्या तयारच होत्या. वसुमतीने साहित्यपत्रकात नवी ओळ लिहून आणायची, गुरुवारी सही करायची, आणि नथ्थूजींनी दुसऱ्या सकाळपासून थर चिकटवायचा. तोवर मुदत आठवडाभर पुढे ढकलून, दर दुसरं टेबल रिकामं ठेवून काम चालवू, असं उमाळकर बाईंनी मान्य केलं.

"पण सतरावा?" त्यांनी निघताना विचारलं. "पावणेतीनचा. तुकड्या बदलतात तेव्हा फोन जुन्या इमारतीकडे वळवलेले असतात आणि पंधरा मिनिटं दालन रिकामं असतं, त्या वेळी पुरुषाचा आवाज येतो. म्हणतो, 'चंद्रभागे, पाणी दे वो.' कधी म्हणतो, 'ताणा बराबर हाय.' मुली आता एकशेअठराव्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवून जातात. सांगायला नको, पण परत येईतो पेला रिकामा असतो."

"खुर्ची रिकामी असेल तर पटल ताणलंच जात नाही," खोब्रागडे म्हणाले.

"बोलणारं कुणीसुद्धा नसतं त्या वेळी. मी स्वतः दारात उभी राहून खात्री केलीय."

"निचरा-थर लागला की तोही जाईल. भूत असो की माणूस." खोब्रागड्यांनी विषय संपवला.

गुरुवारी दुपारी वसुमती साहित्यपत्रक घेऊन आली. निचरा-थराच्या गुंडाळ्या मागच्या दारी उतरवलेल्या होत्या. पहिली तुकडी डबे घेऊन गच्चीवर गेली होती, दुसरी अजून खालच्या मजल्यावर हजेरी लावत होती. ती बोळातून दालनाकडे चालली असताना आतून आवाज आला.

"चंद्रभागे, पाणी दे वो."

वसुमतीचे पाय जागच्या जागी थांबले. आवाज किंचित वेगळा होता, जास्त तरुण, चिरका नसलेला. पण ते 'वो' म्हणताना शेवटी खाली सोडून दिलेला सूर तिला ओळखीचा होता. बावीस वर्षांतली अठरा वर्षं तिने तो शिडीवरून ऐकला होता. 'ताई, वर नका पाहू, डोळ्यात भुसा जाईन वो.'

तिने दार ढकललं. एकशेअठराव्या खुर्चीत नथ्थूजी पाठ टेकून, डोळे मिटून बसले होते. त्यांचे ओठ हळूहळू हलत होते. आणि ओठांच्या थोडं आधी, शेजारच्या खुर्चीतून कुणी बोलावं तसा, त्यांचा आवाज येत होता.

"ताणा बराबर हाय. बाणा बराबर हाय. चंद्रभागे..." मागावरचे उभेआडवे धागे तपासताना विणकर म्हणतात तसं.

"नथ्थूजी."

त्यांनी डोळे उघडले. तिला पाहून ते अर्धवट उठले, आणि दालन म्हणालं, "मेलो."

वसुमतीला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळेही भरले. "बसा," ती म्हणाली. "उठू नका. उठलात तर आवाज जाईल."

ते बसले. छाती वरखाली होत होती. गळ्यातल्या भोकावरचं कापड हलत होतं.

"कधीपासून?"

"उद्‍घाटनाच्या दुसऱ्या दिसापासून." ओठ मागाहून हलले. "छत चालू झाल्यावर मी पुन्ना खुर्च्या पाहून राह्यलो होतो. मनात म्हनलं, झालं ताई. तं कोनीतरी बाजूनं म्हनलं, झालं ताई. मी भेवानं पयलोच होतो ताई. मंग थांबलो. म्हनलं, हा आवाज मी आयकला हाय."

"तुमचं स्वरयंत्रच नाही. हा आवाज आला कुठून?" पण विचारता विचारताच तिला उत्तर कळलं होतं. खुर्ची आवाज ऐकतच नव्हती. ती छाती वाचत होती, जबडा, जीभ, मान वाचत होती. एवढ्या घेराच्या छातीच्या, एवढ्या मानेच्या माणसाचा आवाज कसा असेल, ते ती मांडत होती. तो गळ्यात अडतो, पुढे जातच नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नथ्थूजींचं अंग चार वर्षं रोज शब्द रचत होतं. पुसायला कुणी येत नव्हतं. म्हणून सगळेच्या सगळे ऐकू येत होते. आणि रोज दुपारी पटलाच्या देखभालीला येणारे नथ्थूजी उमाळकर बाईंनी 'बोलणाऱ्यांत' धरलेच नव्हते.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगतलं असतं तं तुमी दुरुस्त केलं असतं." जरा थांबून, "भूत म्हनतात मले. पानी ठेवतात. पोरी चांगल्या हायेत."

ती त्यांच्यासमोर गालिच्यावरच बसली. चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच गप्पा मारल्या. त्यांच्या मुलाचं काय चाललंय, नातवाने म्हणे शाळेत पणजोबांचा माग चितारला, या गालिच्याचा रंग तिने अमळ गडदच घेतला. शेवटचं वाक्य त्यांनी गिळायला बघितलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण गिळायला जागाच नव्हती. अंगात जे जमलं ते वर पोचत होतं.

दारातून खोब्रागडे आत आले आणि तिथेच खिळून उभे राहिले. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. वैज्ञानिक माणूस, पण त्यांनी पायांतल्या चपला काढल्या, आणि का काढल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घड्याळात तीन वाजत आले. दुसरी तुकडी जिन्यात चढल्याची चाहूल लागली. वसुमतीने मांडीवरचं साहित्यपत्रक उघडलं. तिची नवी ओळ त्यात होती: सर्व छत, निचरा-थर, दोनशे चाळीस आसनांवर. खाली सहीची जागा कोरी.

"नथ्थूजी, हे तुम्हाला माहीत आहे ना? थर लागला की..."

त्यांनी मान हलवली. त्यांना तर ते सगळ्यांआधी माहीत होतं. गुंडाळ्या त्यांनीच उतरवून घेतल्या होत्या. उद्या शिडीवर तेच चढणार होते.

"सही करू का मी?" तिने विचारलं. विचारल्यावर तिला वाटलं, हा प्रश्न कुणालाच विचारू नये असा आहे.

नथ्थूजींनी खिशातून वही काढली. गुडघ्यावर ठेवली आणि ठाम, गोल अक्षरांत लिहिलं, 'सही करा. गाडी चुकली नाही पाहिजे. लोकायच्या जीवाचं काम आहे.' वही त्यांनी तिच्यापुढे धरली.

आणि छत म्हणालं, "नका करू ताई. थोडे दिस राहू द्या."

नथ्थूजींनी झटकन तोंडावर हात दाबला. डोळे विस्फारलेले.

"हेबी आयकू गेलं," छत म्हणालं.

वही तशीच पुढे धरलेली होती. वसुमतीने ती वाचली, पुन्हा वाचली. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची होती आणि दोन्ही खरी होती. हाताने लिहिलेलं त्याने ठरवून लिहिलं होतं. वरून आलेलं त्याने ठरवून गिळलं होतं. जन्मभर माणसं अशी दुसरी वाक्यं गिळतात म्हणून घरं चालतात, दालनं चालतात, हे तिला ठाऊक होतं. तिने स्वतः कितीतरी गिळली होती. पण ती गिळायला आधी गळा हवा. या माणसाला तो नव्हता.

तिने पेन उघडलं. सही केली नाही. 'दोनशे चाळीस' वर काट मारली आणि 'दोनशे एकोणचाळीस' लिहिलं. मग खालच्या कोऱ्या ओळीत, तीस वर्षं लिहिते त्याच अक्षरात, सावकाश लिहिलं: देखभाल-खोली, तळमजला. भिंतींना नमदा, दुहेरी. दार जाड, कडेला लोकरीची पट्टी. छत, कंपपटल चार, निचरा-थराविना. आसन एक, क्रमांक एकशेअठरा. मग सही केली.

खोब्रागडे खांद्यावरून वाचत होते. "उमाळकर बाई विचारतील, देखभाल-खोलीला कंपपटल कशाला."

"विचारू देत. दालन मुकं झालं की त्यांची अट पुरी होते. खोलीतला आवाज दाराबाहेर जाणार नाही याची हमी माझी."

"आणि 'उपयोग' चा रकाना तुम्ही कोरा सोडलाय."

"तो तुम्ही भरा. तुम्हाला शब्द सापडला तर."

पत्रक तसंच गेलं.

उमाळकर बाईंनी प्रश्न विचारले, पण वसुमतीने उत्तर म्हणून त्यांना त्या खुर्चीशेजारी नेऊन उभं केलं, आणि नथ्थूजींचा आवाज ऐकून त्या खाली जाऊन स्वतः देखभाल-खोलीची किल्ली घेऊन आल्या. शुक्रवार ते मंगळवार नथ्थूजींनी शिडीवर चढून आपल्याच हाताने निचरा-थर चिकटवला. एकही सुरकुती नाही. बुधवारी दालनात दोनशे एकोणचाळीस माणसांनी जे गिळायचं ते गिळलं आणि कुठेच काही पडलं नाही.

गुरुवारी दुपारी तळमजल्यावरची खोली तयार झाली. चंद्रभागाबाईंना बोलावलं होतं. बारीक चणीच्या, हिरव्या लुगड्यातल्या बाई, हातात पिशवी, दारातच उभ्या. त्यांना काही नीट सांगितलेलं नव्हतं. कसं सांगायचं ते वसुमतीला सुचलं नव्हतं. त्यांना नवऱ्यासमोर बसवलं. नथ्थूजी खुर्चीत टेकले. खोब्रागड्यांनी दार लावून घेतलं.

काहीच ऐकू आलं नाही.

एक मिनिट गेलं, दोन गेली. नथ्थूजी बायकोकडे बघत होते, बायको त्यांच्याकडे. वसुमतीने चारही तुकड्यांचे सांधे नजरेने तपासले. पटल हलवताना काही बिघडलं असावं, चार तुकडे पुरले नसावेत, नमदा जास्त झाला असावा. तिने खोब्रागड्यांकडे पाहिलं. त्यांनी खुर्चीशी जोडलेल्या, हातातल्या पाटीवरचे आकडे तपासले, पुन्हा तपासले, आणि कुजबुजले, "सगळं चालू आहे. खुर्ची वाचतेय. अंगात वाक्यच नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे ते गप्प बसलेत."

वसुमती वर बघत राहिली. राखी कापड पूर्ण स्थिर होतं. अकरा श्रावण ती ज्याच्यासाठी पहाटे उठत होती, ते आतलं मौन इथे चार हातांवर, भरल्या खोलीत, एका माणसाला आपोआप लाभलं होतं. तिने श्वाससुद्धा हळू घेतला.

चंद्रभागाबाईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"हे असेच हायेत," त्या वसुमतीला म्हणाल्या. "लगन झाल्यावर आठ दिस तोंड उघडलं नोतं यायनं. मले वाटलं, मुकाच नवरा भेटला."

आणि वरून नथ्थूजी हसले.